करणीचक्राचा काटा

"चढला! अगो बाय, काटा चढला!"

देवळापुढच्या मांडवात अख्खी कातळवाडी माना वर करून उभी होती. रत्नागिरीजवळच्या पालीहून आत वळलं की लागते ती कातळवाडी. एरवी इथे ग्रामसभेला दहा डोकी जमवताना शिपायाचा जीव जातो. आज मुंबईहून आलेले चाकरमानीसुद्धा सकाळी आठाला आंघोळ करून हजर. समोर टेबलावर लाल कापड, कापडावर कॉम्प्युटर आणि त्याच्या भल्या मोठ्या मॉनिटरवर सोनेरी चक्र. तांब्याच्या पाटीवर तळहात ठेवायचा, की चक्रातला काटा फिरायचा. हिरव्यावर थांबला तर माणूस शुद्ध, पिवळ्यावर थांबला तर संशय आणि लालवर गेला तर करणी केलेली! हा काटा पिवळ्याला शिवून हिरव्यावर परतला आणि पाटीवर हात ठेवलेल्या भिकाजीला घाम फुटला.

शेजारी यंत्रानंद महाराज डोळे मिटून बसले होते. ते मूळचे कुठले, कोणालाच ठाऊक नव्हतं. मंडणगडवाले म्हणत घाटावरचे, घाटावरचे म्हणत कोकणातले. उजवा हात गोमुखीत, म्हणजे जपमाळ झाकायच्या त्या भगव्या पिशवीत. आतली बोटं सारखी हलत होती. "बघ कसा जप चाललाय," बायका एकमेकींना सांगत होत्या.

"हे सॉफ्टवेअर नव्हे, मंडळी!" महाराज गरजले. "सॉफ्टवेअर माणूस बनवतो. हे हिमालयात बर्फाखाली बारा वर्षांत आपोआप सिद्ध झालं. याला इंटरनेट लागत नाही. याची वायर थेट पाताळाला!"

वायर पाटीपासून निघून टेबलाखालच्या लाल कापडात गुडूप झाली होती. पाताळ तिथेच असावं.

मांडवाच्या मागच्या खांबाला टेकून नम्रता हे बघत होती. ती रत्नागिरीत राहून घरूनच सॉफ्टवेअरचं काम करायची. आदल्या दिवशी तिच्या आईचा, मालनचा, फोन आला होता. "नमू, ये गो. येसूकाकीचं काय खरं नाय."

गोष्ट पाण्याची होती. वाडीने हौसेने मारलेली बोअर एप्रिलातच आटली. येसूबाईच्या विहिरीला मात्र मे उजाडला तरी पुरुषभर पाणी. झालं! विधवा बाई, एकटी राहते, कोणापुढे वाकत नाही. तिनेच बोअरचं पाणी बांधलं, असं कोणीतरी बोललं आणि चार दिवसांत सगळी वाडी तेच बोलायला लागली. सगळ्यात मोठ्याने वाडीप्रमुख भागोजी, कारण बोअरची जागा त्यानेच दाखवली होती. ठरलं असं, की यंत्रवाल्या महाराजांना बोलवायचं, ज्याच्या हाताखाली काटा लाल होईल त्याने वाडी सोडायची आणि विहीर वाडीची. 'ज्याच्या' म्हणजे कोणाच्या, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

येसूबाई पुढच्या रांगेत ताठ बसली होती. धुवट इरकली लुगडं, डोक्यावर पदर. पासष्ट वर्षांची बाई, जाणार कुठे?

काटा पुन्हा फिरला आणि थांबण्याआधी दोनदा थरथरला. बायकांच्या अंगावर शहारे आले. नम्रताच्याही आले, पण वेगळ्या कारणाने. ती थरथर तिची होती!

तिचं कामच ते. लोक कॉम्प्युटरसाठी प्रोग्राम लिहितात, त्यांत लागणारी बटणं, पट्ट्या, चक्रं ही बनवून देते. तिची खासियत अशी, की चक्र प्रोग्रामच्या खिडकीत दिसतं, पण त्याच्या पोटात छोटासा ब्राउझर बसवलेला असतो आणि चक्र म्हणजे खरं तर एक वेबपान. हे चक्र तिने मासळीच्या शीतगृहासाठी केलं होतं, तापमान दाखवायला. काटा खऱ्यासारखा थरथरावा म्हणून तीन आठवडे डोकं फोडलं होतं. मग ते चक्र नमुना म्हणून स्वतःच्या साइटवर फुकट ठेवलं, आपापले रंग आणि अक्षरं घाला म्हणून. आणि या मेल्याने सुरमई-पापलेटाच्या जागी माणसं घातली होती!

खरं सांगायचं तर क्षणभर तिला बरंही वाटलं. शीतगृहवाल्यांनी त्या थरथरीचं कधी कौतुक केलं नव्हतं. मग येसूबाईच्या पाठीकडे नजर गेली आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

ती पुढे गेली, वाकून नमस्कार केला. "महाराज, यंत्राची थोडी सेवा करू? काचेवर धूळ बसल्ये."

महाराजांनी मान डोलावली. पोरीची जात, पुसेल आणि जाईल. नम्रताने पदरासारखी ओढणी फिरवली आणि दुसऱ्या हाताने माउस धरून चक्रावरून ओढला. वेबपानावरची अक्षरं निवडली की निळी होतात, तसं अख्खं चक्र निळं झालं.

"महाराज, हे बघा! हिमालयातलं यंत्र असं निळं कसं होतं?"

महाराजांनी एक डोळा उघडला. क्षणभर गडबडले, मग गोमुखीसकट दोन्ही हात वर केले. "नीलकंठ प्रसन्न झाला!"

"हर हर महादेव!" मांडव दणाणला.

नम्रताने कीबोर्डवरच्या दोन कळा दाबल्या. वेबपान मोठं करतात तसं चक्र फुगत खिडकीबाहेर गेलं, कडेला सरकपट्टी आली. "आणि हे?"

"विराट रूप!"

पुढच्या चार बायका आडव्याच पडल्या. मालनही हात जोडायला लागली, तशी नम्रताने डोळे वटारले. "आये, तू तरी नको!"

आता आली का पंचाईत! चूक दाखवावी तर तिचा चमत्कार होतोय. नम्रताने उजवं बटण दाबून पानाचा पत्ता तेवढा पाहून घेतला आणि चक्र पूर्ववत केलं. पत्ता तिच्याच साइटचा. आळशाने नमुना उतरवूनही घेतला नव्हता! नमुन्याला दोन पानं होती, एकावर चक्र, दुसऱ्यावर पट्टी. पट्टी कोणत्याही फोनवर सरकवली की काटा सरकतो. खांबाजवळ जाऊन तिने फोनवर ते दुसरं पान उघडलं.

"येसूबाई पुढे या," महाराज म्हणाले.

येसूबाईने पाटीवर हात ठेवला. गोमुखी हलली, काटा पिवळ्यावर गेला, लालकडे निघाला. नम्रताने अंगठ्याने पट्टी मागे ओढली. काटा हिरव्यावर! गोमुखी जोरात हलली. काटा वर. नम्रताने पुन्हा खाली आणला. काटा येडा झाल्यासारखा नाचायला लागला. "बाईचा जोर मोठा हाय!" भागोजी ओरडला.

"मग जोर नसलेला माणूस बसवा की," नम्रता मागून म्हणाली. "महाराजांनीच हात ठेवावा. तुम्ही तर शुद्ध ना?"

नाही म्हणायची सोय नव्हती. महाराजांनी डावा हात ठेवला आणि नम्रताने पट्टी पार टोकाला नेऊन दाबून धरली. काटा लाल झाला, दोनदा थरथरला आणि तिथेच राहिला.

"बाबानेच करणी केलीन!" भिकाजी किंचाळला. "धरा मेल्याला!"

दोघांनी बाह्या वर केल्या. नम्रता धावत मध्ये पडली. "अहो थांबा! याने करणी केली नाही आणि काकीनेही नाही. काटा माझ्या हातात आहे. भागोजीकाका, हा फोन धरा. ही पट्टी सरकवा."

भागोजीने विस्तव धरावा तसा फोन धरला, भीत भीत बोट फिरवलं. काटा हिरवा. पुन्हा फिरवलं, लाल. तिसऱ्यांदा त्याने भिकाजीकडे बघून फिरवलं आणि त्याला हसूच फुटलं.

"आता गोमुखी उघडा, महाराज."

महाराज उघडेनात, म्हणून मालननेच पिशवी खेचली. आतून जपमाळ नाही, फोन पडला. त्यावर तीच पट्टी. कॉम्प्युटरही त्याच फोनवरून इंटरनेट घेत होता. नम्रताने तो बंद केला आणि चक्राच्या जागी पांढऱ्या पानावर अक्षरं आली, 'इंटरनेट जोडणी नाही'. कोणीतरी लाल कापड वर केलं. पाताळाला गेलेली वायर टेबलाच्या पायाला गाठ मारून बांधलेली होती.

महाराज चपला न घेता निघाले, तर भिकाजीने वाट अडवली. जादूटोणाविरोधी कायदा आहे, पोलीस येईपर्यंत बसा, असं नम्रताने शांतपणे सांगितलं.

मग हशा, शिव्या, टाळ्या. प्रत्येकाला आधीपासूनच संशय होता म्हणे. एवढ्यात येसूबाई उठली.

"यंत्र खोटं निघालं म्हणून हसताय," ती म्हणाली. "काटा हिरवा झाला असता, तर मी चांगली बाय ठरले असते काय रे? चाळीस वर्षं तुमच्यात हाय. या भागोजीच्या बायकोची दोन बाळंतपणं मी केली. आणि माझ्याबद्दल विचारायला तुमी हा डबा आणलात. मला कोणी विचारलंत?"

भागोजी खाली बघत होता. हातातला फोन नम्रताला देऊन तो पुढे आला.

"येसूवहिनी, चुकलो. आता विचारतो. तुझी विहीर कशी गो आटत नाय?"

"उताराच्या पायथ्याशी हाय म्हणून. कातळात मुरलेलं पाणी तिथंच झिरपतं. सासऱ्यांनी दोन उन्हाळे ओल बघून जागा धरलनी. तू बोअर मारलीस कातळाच्या डोक्यावर, तुझ्या गेटाशी, हंडा लांबून आणायला नको म्हणून. तिथं मे महिन्यात पाणी येणार कुठनं?"

इतकंच होतं. ना करणी, ना पाताळ. वाडीला जे कळायला हवं होतं ते सांगणारी बाई वाडीतच राहत होती आणि तिलाच हाकलायला सगळे जमले होते. यंत्र तुमच्याही गावात येईल, उद्या याहून झकपक येईल, काटा याहून छान थरथरेल. तेव्हा हात जोडायच्या आधी त्याची वायर कुठे जाते ते बघा. आणि ते कोणा माणसाकडे बोट दाखवायला लागलं, तर यंत्राचं ऐकू नका, त्या माणसापाशी जाऊन बसा आणि त्यालाच विचारा.