लोणी काळभोरची अळंबी

“माझा नमुना तुम्ही जाळलात. वाळवीनं खाल्ला नाही, उंदरांनी पळवला नाही. तुम्ही जाळलात.”

संचालक चष्मा पुसायला लागले. संस्थेतल्या कुठल्याही प्रश्नाला त्यांचं पहिलं उत्तर चष्मा पुसणं हेच असे. नीरजाबाईंना निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, तरी रोज पीएमटीच्या बसनं येऊन त्या तळमजल्यावरच्या लोखंडी कपाटापाशी बसत. बुरशा, अळंब्या ओळखायच्या, वाळवायच्या, खाकी पुडीत घालून वर गाव आणि तारीख लिहायची. पगार नाही. खुर्चीसुद्धा घरची.

“अहो मॅडम, पाहणी समिती येणार होती. त्याआधीच्या तपासणीत कपाटात बुरशी आढळली, असा अहवाल आला.”

“बुरशीच्या कपाटात बुरशी आढळली. मोठाच शोध. तुमचं नाव देऊ का त्याला?”

दाराशी उभा असलेला शिपाई कचरू जमिनीकडे बघायला लागला. सकाळी त्यानंच बाईंना आदेशाचा कागद दाखवला होता: बुरशीयुक्त साहित्य तातडीने नष्ट करावे. ‘साहेब, हे बाईंचं हाय,’ असं त्यानं दोनदा सांगून पाहिलं होतं. साहेबांनी मान वर न करता सही ठोकली होती.

दोनशेवर पुड्या गेल्या. त्यातली एक पुन्हा मिळणार नव्हती. सहा वर्षांपूर्वी लोणी काळभोरच्या यमुनाबाईंनी बांधावरच्या वारुळातून फिकट जांभळी अळंबी उपटून दिली होती. “आम्ही खातो, पण नाव ठावं न्हाई.” नाव जगातच कुणाला ठाऊक नव्हतं. नीरजाबाईंनी देठापासून बीजाणूंपर्यंत सगळं तपासून सिद्ध केलं, की ही जातच नवी. नाव यमुनाबाईंचं द्यायचं ठरलं, नियतकालिकानं लेखही स्वीकारला. पण मूळ नमुना कुठल्या तरी संग्रहात ठेवलेला असल्याशिवाय नवं नाव कुणी मानत नाही.

“पुन्हा गोळा करा की,” साहेब म्हणाले.

“कुठून? वारूळ सपाट करून तिथं सोसायटी उभी राहिलीय. पार्किंगमध्ये शोधू?”

“एका अळंबीवाचून संस्थेचं काही अडत नाही.”

“आपली डॉक्टरेट कशावर?”

“गवतांवर.”

“त्यांचं कपाट वरच्या मजल्यावर आहे. बोटभर धूळ आहे त्याच्यावर. त्याला नाही काडी लावलीत.”

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि फाईल उघडली. म्हणजे भेट संपली. कचरू तेवढ्यात खाली जाऊन बाईंची खुर्ची उचलून घेऊन आला आणि कुणाला न विचारता टेबलासमोर ठेवली.

नीरजाबाई बसल्या. संपादकांची ईमेल त्यांनी छापून आणली होती. ती फाईलवर पसरली, वर पेन ठेवलं.

“एकच प्रश्न आहे. मूळ नमुना सध्या कुठे आहे? मुदत आज पाचपर्यंत. मी खोटं लिहिणार नाही, आणि तुमच्या वतीनं खरंही लिहिणार नाही. तुमच्या अक्षरात लिहा, खाली सही करा. सही करायची सवय आहेच तुम्हाला. सांगा, कुठे आहे?”