ईडन प्रेरीचा कावळा

नागपुरात आईच्या दहाव्याला कावळा काही शिवला नाही. वाट पाहून सगळे कंटाळले, तेव्हा भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि विधी उरकला. धाकट्या देवदत्तला ते पटलं नाही. त्याने अमेरिकेत, ईडन प्रेरीला फोन लावून थोरल्याला सुनावलं, "दादा, तुझ्यातच जीव अडकलाय तिचा. तिथे घास ठेव. आणि काय शब्द द्यायचा, ते तुला माहीत आहे."

संजयला माहीत होतंच. व्हिसाचं घोंगडं भिजत पडलेलं. देशाबाहेर गेलो तर परत आत घेतील याचा भरवसा नाही, म्हणून तो आईच्या अग्नीलाही गेला नव्हता. आता निदान एवढं तरी करावं, म्हणून रविवारी सकाळी दहीभाताचा डबा घेऊन तो आणि त्याची बायको नीलांबरी घराजवळच्या ट्रेलवर निघाले. आई आली होती तेव्हा त्याने तिला इथेच फिरवलं होतं. माळ, मग जंगल, मग नदी आणि पुन्हा पार्किंग लॉट. "फिरून तिथेच यायचं, तर निघालो कशाला?" आई म्हणाली होती.

माळावर वाळक्या गवतात त्याने पानावर घास ठेवला आणि हात जोडले. "आई, तुझ्या नातवाची, वेदची मुंज करीन." खांबावरच्या कावळ्याने ढुंकूनही पाहिलं नाही. एक खार मात्र लगबगीने आली. नीलांबरीने तिला हाकललं आणि घास उचलून घेतला.

जंगलात ओकच्या झाडाखाली पुन्हा घास ठेवून तो म्हणाला, "देवदत्तशी पुन्हा कधी अबोला धरणार नाही." कावळे आता झाडाझाडावरून मागे येत होते, पण खाली उतरायला एकही तयार नव्हता.

नदीशी वाट परत वळत होती. गढूळ पाण्याकाठी त्याने तिसऱ्यांदा पान मांडलं. आता उरला होता एकच शब्द. वेदची शाळा, नुकतंच घेतलेलं घर ही झाली सांगायची कारणं. खरं म्हणजे त्याला भारतात परत जायचंच नव्हतं.

"आई, मी येतो. कायमचा परत येतो."

नीलांबरीने त्याचा दंड धरला. "संजय, आता तरी तिच्याशी खोटं नको ना बोलूस."

तेवढ्यात एक कावळा उतरला. तिरक्या मानेने त्याने पानाकडे पाहिलं, चोच भरून घास घेतला आणि पाण्यावरून पलीकडे गेला.

"शिवला रे!" नीलांबरी रडायलाच लागली. "देवदत्तभाऊजींना फोन कर."

संजयला फोन काढवेना. दर दिवाळीला फोनवर तो हेच सांगायचा, "पुढच्या वर्षी कायमचा येतो." आई क्षणभर थांबायची, मग "बरं" म्हणायची आणि पुन्हा वर्षभर तो विषय काढायची नाही.

आजही ती तेवढ्यावरच गप्प झाली होती.