फोडलेल्या चेहऱ्यांची माती

तालमीत त्या संध्याकाळी बावीस पैलवान होते. चौदा जणांच्या अंगावर पुरळ होतं: अकरा जणांच्या पाठीवर, तिघांच्या मानेवर. मधोमध कुस्तीचा हौदा, त्यात गुडघाभर तांबडी माती. कठड्याला टेकून पेठेतली साठेक माणसं. बायका दोनच: इरावतीताई आणि मी. माझ्या हातात सामू मोजायचं यंत्र होतं.

"वर वेड्यांची शाळा काढलीसा, तवाच म्या नको म्हणलंतं," बाळासो वस्ताद म्हणाले. "आता बघा पोरांच्या पाठी."

"माझी माणसं हौद्यात उतरतात का, वस्ताद?" ताईने विचारलं.

"ती न्हाईत उतरत. त्यांची माती उतरती की!"

एवढं खरं होतं. तालमीच्या वरचं सभागृह चार वर्षं ताईकडे होतं. त्याआधी बारा वर्षं ती नाटकांचं नेपथ्य करायची. मग पुण्यात कलेतून मानसोपचाराचं शिक्षण घेऊन आली आणि स्वतःची कंपनी काढली. पाटीवर 'मानसिक आरोग्य' वाचून तीन घरमालकांनी किल्ल्या परत घेतल्या. तालमीच्या जुन्या कमिटीने जागा दिली, पण एक अट घालून. हौद्यातली माती पाहिजे तर वर न्या, पण ती तालमीबाहेर जाता कामा नये. वापरून झाली की परत हौद्यात. ताक, लिंबू, हळद, तेल आणि काव घालून मुरवलेली ती माती पैलवान अंगावरूनसुद्धा बाहेर नेत नाहीत, आतच झाडतात.

ताईने त्या अटीवरच आपलं काम उभं केलं. ज्याचा राग आहे त्याचा चेहरा या मातीत करायचा, आठवडाभर फळीवर ठेवायचा आणि मग फोडायचा. भुगा टोपलीत भरून खाली हौद्यात. मुरगूडहून येणाऱ्या तानाबाई आठ महिने कोणाशी बोलल्या नव्हत्या. दिराचं नाक फोडताना त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघाला: "मर." शिरोलीच्या कारखान्यांत वर्ग घेताना ताई ही गोष्ट सांगायची. मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन तिच्याकडे नोंदी ठेवायला लागले, तीही ती गोष्ट ऐकूनच.

"शनवारी माझी कुस्ती हाय," सम्राट ओरडला. पुरळ सगळ्यात जास्त त्यालाच होतं. "ही असली पाठ घिऊन लढू व्हय?"

"तुझी पाठ बघून समोरचाच पळंल की रं!" कठड्यावरून कुणीतरी म्हणालं. लोक हसले. सम्राट हसला नाही. त्याने हौद्यातलं ढेकूळ उचलून जिन्यावरच्या आमच्या पाटीवर मारलं.

"मार," ताई म्हणाली. "आणखी एक मार. पाठीला खाज सुटली की पाटीवर राग काढायचा, हेच शिकवतात का इथे?"

"ए बाई, तोंड सांभाळून!" तालमीचा सेक्रेटरी अमरसिंह पुढे आला. "उद्याच्या उद्या जागा खाली करायची."

"उद्या कशाला? आज करते. पण आधी मोजायचं. अंतराकडे यंत्र आहे. माझ्या मातीत खोट निघाली तर आज रात्री मी वरचं सगळं सामान घेऊन निघते. नाही निघाली, तर या पोराने सगळ्यांसमोर माझ्या माणसांची माफी मागायची. एकेकाची. तानाबाईंची पहिल्यांदा."

"कबूल," वस्ताद म्हणाले. "मोज गं पोरी. तुझ्या त्या डबीला माती कळती का बघू."

मी कोठीतली कोरी माती, म्हणजे मुरवलेली पण हौद्यात न घातलेली, ऊर्ध्वपातित पाण्यात ढवळली आणि यंत्राची कांडी बुडवली. सामू सातच्या खाली म्हणजे आम्ल, सातच्या वर म्हणजे अल्क, खारासारखं. आकडा जितका चढेल तितकी कातडी जळते, हे मी मोठ्याने सांगितलं. ६.३.

"लिंबू हाय त्यात," वस्ताद म्हणाले.

मग हौद्यातली माती. ९.२.

"म्हंजे?" अमरसिंहने विचारलं.

"म्हणजे हौद्यात खार आहे. पुरळ त्यानेच."

"ऐकलंत?" ताईचा आवाज चढला. "तुमच्याच पोरांनी काहीतरी ओतलंय. साबण, सोडा, देव जाणे काय. आणि नाव माझ्या माणसांचं!"

"कुणाला चोर म्हणतीस गं?" वस्ताद हौद्यातून वर आले. बावीसच्या बावीस पैलवान त्यांच्या मागे. ताई जागची हलली नाही.

वरून आणलेली टोपली माझ्यापुढे होती. भुग्यात बारीक पांढरे कण दिसत होते. मी हळूच विचारलं, "ताई, चेहऱ्यांवर वरून काही लावता का?"

"चुन्याचा हात देते. फोडायच्या आधीच तडकू नयेत म्हणून. नेपथ्यात आम्ही तेच करायचो, कधी कोणाला काही झालं नाही."

"किती दिवसांपासून?"

"दिवाळीपासून. का?"

चुना म्हणजे खारच, आणि पुरळ दिवाळीनंतर सुरू झालं होतं, हे तिलाही माहीत होतं. "आपण आधी वर जाऊन बोलू या," मी म्हणाले.

"काही बोलायचं नाहीये. पगार तुला मोजायचा देते, सल्ल्याचा नाही. मोज."

"अगं, मोज की!" सम्राट म्हणाला.

मी कांडी दोनदा धुतली. तिसऱ्या पेल्यात टोपलीतला भुगा टाकला, ढवळला, गाळ खाली बसू दिला. ताई माझ्या उजव्या खांद्याशी होती, वस्ताद डाव्या. आकडा थोडा वरखाली झाला आणि थांबला.

१२.१.