निळ्यावर अडून बसलेल्या सासूबाई

सासूबाईंच्या खोलीला रंग द्यायचं ठरलं, तेव्हा सुनेने मनाशी फिका बदामी पक्का करून टाकला होता. खोली लहान, खिडकी एकच, तीही शेजारच्या इमारतीकडे तोंड करून. फिक्या रंगाने उजेड वाढतो, हे रंगाऱ्याचंही मत पडलं. पण सासूबाई गडद निळ्यावर अडून बसल्या. का, ते सांगेनात. तुमचं तुम्ही बघा म्हणत मुलाने अंग काढून घेतलं.

रंगारी मुरलेला. असल्या तिढ्यांत त्याची हयात गेली होती. त्याने दाराजवळच्या बटणांभोवती बदामी फासला, पलंगाजवळच्या बटणांभोवती निळा, आणि दोन दिवस राहून बघा म्हणून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला सून घड्या केलेले कपडे घेऊन खोलीच्या दाराशी आली. सासूबाई आतून दाराजवळचा दिवा लावत होत्या. बदामी भिंतीवरून त्यांचा तळहात वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. पांढरं बटण काही सापडेना. मग त्या पलंगाकडे वळल्या. तिथे मात्र हात थेट बटणावर पडला.

सुनेला एकेक आठवू लागलं. गेले दोन-तीन महिने चहा सांडत होता, ताटातलं मीठ भातात जात होतं, आणि आईंचं हल्ली लक्षच नसतं म्हणून ती नवऱ्यापाशी कुरकुरत होती.

"आई, तुम्हाला दिसत नाही?"

"दिसतं गं. फिक्यावरचं फिकं तेवढं विरघळून जातं." त्या पलंगावर बसल्या. "त्याला सांगू नकोस. जिवाला घोर लावून घेईल."

"सांगणार. आणि उद्या डॉक्टरकडेही जायचंय."

त्या रात्री सासूबाई रुसून आपल्या खोलीतच जेवल्या. सकाळी मात्र तिच्याआधी तयार होऊन बसल्या.

उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. तो काढता येणार होता. डाव्यात काचबिंदू होता, त्याची गेलेली नजर परत येणार नव्हती. उरलेली टिकवायची तर दिवसातून दोनदा थेंब घालायचे.

रंगारी आला तेव्हा सुनेनेच त्याला निळा सांगितला. आत तो भिंती घासत होता आणि बाहेर सासूबाई खुर्चीत मान मागे टाकून बसल्या होत्या. हातात बाटली घेऊन सून त्यांना दटावत होती, "डोळे मिटू नका म्हटलं ना."

"मी कुठे मिटतेय? तूच नेम धर की नीट."