सेट गार पाण्यानेच धुवायचा

आईच्या घरात नियम फार नव्हते, पण एक होता आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती: चिनी मातीचा सेट गार पाण्यानेच धुवायचा. वर्षातून दोनदा, आईने स्वतः, आणि मदतीला फक्त थोरली लेक. बाबांनी आणलेला, पांढऱ्या ताटल्यांना निळी किनार. बारा मोठ्या, बारा लहान, पाच वाडगे आणि मधोमध गोल पोटाची किटली, असे तीस नग. आल्यागेल्यांनी काचेच्या कपाटासमोर उभं राहावं, "कसा जपलाय हो!" म्हणावं आणि आईने नुसतं हसावं. त्या सेटमधून कधी कुणी घासभर खाल्लं नाही की घोटभर प्यायलं नाही.

बाबा आधीच गेले होते; आई जाऊन पाच आठवडे झाले होते. भाड्याचं घर महिनाअखेरीस रिकामं करून द्यायचं होतं. शिवणयंत्र थोरलीने घेतलं, लोखंडी कपाट भंगारवाल्याने नेलं, आईच्या साड्या कुणाला द्यायच्या यावर दोघा भावंडांची एक छोटी चकमकही झाली. धाकट्याला खरं तर एकच गोष्ट हवी होती.

"मला बाकी काही नको ताई. बाबांचा सेट तेवढा दे." त्याने घरी त्यासाठी नवं कपाट करून घेतलं होतं, आत दिवा बसवून. मध्ये बाबांचा फोटो आणि दोन्ही बाजूंना ताटल्या, असा त्याचा बेत होता.

थोरली हो म्हणाली. तिला माहीत होतं की त्या तीस नगांत धड होती ती एकटी किटली.

बाकीचे एकोणतीस बाबांनी फोडले होते. एका दिवसात नव्हे, बावीस वर्षांत. आमटीत मीठ कमी, सदऱ्याचं बटण तुटलेलं, आईने उत्तर दिलं, आईने उत्तर दिलं नाही. कारणाला काय तोटा? "अंगावर हात टाकत नाहीत हो," असं आई सांगायची, जणू सोन्याचं पदक मिळालंय. कपाटातलं भांडं काढून फेकायचे, आणि भांड्याच्या वाटेत कधी कधी आई असायची. दुसऱ्या दिवशी ते कामावर गेले, की आई काड्यापेटीवर दोन नळ्यांतला गोंद काडीने कालवायची, तुकडे जुळवायची आणि थोरलीच्या हातात द्यायची. थोरलीने ते घट्ट दाबून धरायचे आणि तीनशेपर्यंत आकडे मोजायचे. शंभराच्या पुढचे आकडे ती शाळेत नाही, त्या टेबलापाशी शिकली. मग ताटली कपाटात जायची, सांधा भिंतीकडे आणि चांगली बाजू लोकांकडे.

काही फुटलं की खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यातून ओरडायच्या, "काय पडलं हो?" आई कठड्यावरून वाकून म्हणायची, "काही नाही, हातातून निसटलं!" आणि आत येऊन थोरलीला सांगायची, "झाकली मूठ सव्वा लाखाची."

धाकट्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. सहाव्या वर्षीच आईने त्याला वसतिगृहात घातला, यापासून लांब राहावा म्हणून. सुट्टीत तो आला की बाबा नुसते साखरेचे. त्यामुळे त्याचा हिशोब सरळ होता: आईने मला घराबाहेर काढलं, बाबांनी जीव लावला. आईने तो मुकाट्याने सोसला. शेवटच्या आठवड्यात थोरलीचा हात धरून तेवढं एकच मागितलं, "त्याला त्याचे बाबा राहू देत." थोरलीने शब्द दिला.

रविवारी सकाळी धाकटा बायकोला घेऊन आला. खोकी कमी पडतील म्हणून तो बाजारात गेला आणि दोघी ताटल्या कागदात गुंडाळायला बसल्या. भावजय पाच वर्षांपूर्वी घरात आलेली, बोलायला कमी, कामाला वाघ. ती डाव्या हाताने ताटली उचलत नव्हती. उजव्याने ओढायची, मांडीवर घ्यायची.

"हाताला काय झालं ग?"

"न्हाणीघरात घसरले."

"जपून ग," थोरली म्हणाली.

थोरली इस्पितळात एक्स-रे काढते. घसरलेल्या, धडपडलेल्या, जिन्यावरून पडलेल्या बायकांची हाडं रोज तिच्या डोळ्यांखालून जातात आणि ती फिल्मवर नंबर घालून पुढे पाठवते. इतक्या वर्षांत एकीलाही तिने दुसरा प्रश्न विचारला नव्हता. घरात मिळालेलं वळण पक्कं होतं.

भावजयीने पुढची ताटली उलटी केली, अंगठा कडेवरून फिरवला आणि थांबली. नखाने टिचकी मारली. ठक्क. दुसरी घेतली. ठक्क. मग किटलीवर मारली, ती खणखणली. तिने दाराकडे बघितलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "ताई, आई कुठला गोंद वापरायच्या? माझा गरम पाण्यात सुटतो."

थोरलीच्या हातातला कागद तसाच राहिला.

"तुझा म्हणजे?"

"आमच्याकडचे कप. मी ती छोटी ट्यूब आणते, झटपट चिकटते ती. पण चहा ओतला की कान हातात येतो. मग पुन्हा ह्यांचं डोकं फिरतं." ती थोडीशी हसलीसुद्धा. "हात टाकत नाहीत हो माझ्यावर. परवा पण डबा भिंतीवरच मारला होता, माझा हात मध्ये आला."

खाण तशी माती, हे लोक सहज बोलून जातात. पण ही माती थोरलीने आणि आईने मिळून लिंपली होती, चांगली बाजू पुढे करून. ज्याला बाप देव वाटला, त्याला बापासारखं होण्यात लाज कसली वाटणार? आईला दिलेला शब्द तिने पाळला होता आणि त्याची किंमत समोर बसलेली ही पोरगी चुकवत होती.

"आईचा गोंद चांगला होता," ती शेवटी म्हणाली. "पण उकळत्या पाण्यात तोही सुटतो. म्हणून तर गार पाणी."

ती उठली. सगळ्यात मोठं पातेलं गॅसवर चढवलं.

"ताई, काय करताय?"

"सेट धुतेय."

"ह्यांना कळू देऊ नका मी बोलले ते. तुमच्या पाया पडते."

"तू काही बोललीच नाहीस. ताटल्या बोलतील."

पाणी खदखदून उकळल्यावर तिने ते कपड्यांच्या टपात ओतलं आणि एकेक नग आत सोडला. दुसरं पातेलं, तिसरं पातेलं. गोंद आधी पिवळा पडला, मग सायीसारखा मऊ झाला. चिमट्याने उचलावं तर ताटली उचललीच जात नव्हती, नुसता तुकडा यायचा. थोरलीने जेवणाच्या टेबलावर चादर अंथरली आणि सगळे तुकडे त्यावर मांडले. टेबल पुरलं नाही. भावजय भिंतीला टेकून बघत होती. शेजारी किटली होती, कोरडी आणि सबंध.

धाकटा खोकी घेऊन आला, तो दारातच थबकला. "हे काय केलंस?"

"मी फक्त गरम पाण्याने धुतलं. फोडलं बाबांनी. बावीस वर्षं फोडत होते. आई चिकटवत होती आणि मी धरून बसत होते."

"खोटं बोलतेस."

"तुला वसतिगृहात का घातलं असं वाटतं? तू नकोसा होतास म्हणून? हे तुझ्या डोळ्यांसमोर व्हायला नको म्हणून. आणि मी गप्प बसले ते चुकलं माझं. मूर्ख मी. हिचा हात बघ."

तो बायकोकडे वळला. "तू सांगितलंस?"

तिने नकळत डावा हात पदराखाली घेतला. तेवढ्यात त्याच्या हाताला किटली लागली आणि दुसऱ्या क्षणाला ती भिंतीवर होती. बावीस वर्षांत बाबांच्या तावडीतून सुटलेली ती एकच वस्तू.

भावजय लगेच खाली बसली आणि तुकडे ओंजळीत गोळा करू लागली, मोठे आधी, मग बारीक. तिच्या हाताला सवय होती.

खालून जिन्यात काठीचा आवाज आला. काकू आता ऐंशीच्या पुढे होत्या, पण हाक तीच. "काय पडलं हो?"

"काही नाही काकू," भावजय बसल्या जागेवरून म्हणाली, "हातातून नि..."

थोरली कठड्यापाशी गेली. आई उभी राहायची तिथेच ती उभी राहिली, वाकली आणि मोठ्याने म्हणाली, "निसटलं नाही काकू. माझ्या भावाने फेकलं."

थोरलीला वाटलं, म्हातारी गेली आत.

"माहीत आहे ग," काकू म्हणाल्या. "बापाचंच पोर. सगळ्या जिन्याला तेव्हाही माहीत होतं. तुझी आई निसटलं म्हणायची, आम्ही बरं म्हणायचो."

धाकट्याने ते ऐकलं. मग गाडीची किल्ली उचलून, मान वर न करता बायकोला म्हणाला, "चल."

तिने ओंजळीतले तुकडे खाली फरशीवर ठेवले. उठली नाही.