मयुराने पाडलेली वाट

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक पाहायला अख्खं नागपूर महाल-इतवारीकडे लोटतं. नंदनवनातली मयुरा मात्र उलट्या दिशेला, वाठोड्यापलीकडच्या तळ्याकडे सायकल दामटत निघाली होती. दप्तरात वही, आजोबांची दुर्बीण आणि पोळ्याची उरलेली पुरणपोळी. आज पिल्लं बाहेर येणार म्हणजे येणार, हे तिनं दोन दिवसांपूर्वीच अख्ख्या नववी-ब ला सांगून टाकलं होतं. गेल्या वर्षीपर्यंत वर्गासमोर उभं राहायचं म्हटलं की ती शेवटच्या बाकावर लपायची. आता ती शाळेच्या प्रदर्शनात हळदीकुंकू बदकाची वही ठेवणार होती, आणि शेवटच्या पानावरचं वाक्यही ठरलं होतं : पिल्लांना पाण्यात उतरताना मी स्वतः पाहिलं.

वही भरगच्च होती. काळी चोच, तिच्या टोकाला हळदीचं बोट. चोच कपाळाला भिडते तिथं कुंकवाचे दोन ठिपके. अंगावर खवल्यांसारखी पिसं, पंखात हिरवा पट्टा, पाय शेंदरी. नर-मादी इतके सारखे की ओळखता ओळखता डोळे दुखतात. शेपटी आभाळाकडे, डोकं पाण्यात, असं उलटं होऊन बिया नि गोगलगायी खातात. घरटं पाण्यापासून वीस पावलांवर, उंच गवतात. नऊ अंडी. काल अंड्यांच्या आतून चिवचिव ऐकू आली होती.

बांधावर रुपरावकाका उभे होते. या तळ्यात जाळी टाकण्यात त्यांचा जन्म गेला होता. एरवी ते तिला ‘आल्या का डॉक्टरीनबाई’ म्हणून छेडायचे. आज त्यांनी गवताकडे बोट दाखवलं.

“वर ये. अन् तिकडं पाह्य.”

मयुरानं बांधावर चढून पाहिलं. पंधरा दिवस रोज एकाच जागेवरून ती गवतात शिरली होती. तेल लावून पाडलेल्या भांगासारखी तिची वाट थेट घरट्यापर्यंत गेली होती. आतून कधी दिसलीच नव्हती. आणि त्या भांगातून एक तांबूस पाठ सरकत होती.

चिंधी. तळ्यावरची कुत्री. रोज वाटेच्या शेवटी बसून मयुरा डबा खायची आणि अर्धी पोळी चिंधीला द्यायची.

“तुले म्हटलं होतं ना वं, रोज रोज नको जाऊ म्हणून.”

“मी पाय बी नव्हती वाजवत गा काका.”

“पाय नाही वाजले. वास तर राह्यला ना.” काका गोटा उचलायला वाकले.

तिनं त्यांचा हात धरला. “नका मारू. माय उडाली तं पिल्लं तिथंच राहतील.”

तेवढ्यात गवतातून मादी बाहेर आली. एक पंख मोडल्यासारखा जमिनीवरून फरफटत, लंगडत, घरट्यापासून दूर दूर. शत्रूला घरट्यापासून लांब न्यायचं ते सोंग मयुराला ठाऊक होतं. चिंधी चार उड्या तिच्या मागं गेली आणि थांबली. नाक खाली घालून पुन्हा वाटेवर आली.

चिंधीला बदक नकोच होतं. ती मयुराला शोधत होती.

मयुरा बांधावरून घसरत उतरली, वाटेनं नाही, बेशरमाच्या झुडपांतून, घोट्याएवढ्या चिखलातून. वारा पाठीमागून घरट्याकडे वाहत होता. तिनं पुरणपोळीचा डबा उघडला. “चिंधे,” ती जेमतेम ऐकू जाईल अशी म्हणाली. घरट्यापासून पाच पावलांवर चिंधीनं मान वर केली. एकदा समोर पाहिलं, एकदा इकडे. मग वळली.

चिंधीला बांधापलीकडे नेऊन मयुरा तिच्या गळ्यात हात टाकून बसली, तळ्याकडे पाठ करून. नखाएवढा एकेक तुकडा देत राहिली. मागून बारीक चिवचिव सुरू झाली. तिनं मान वळवली नाही. ती वळली असती तर चिंधीही वळली असती. दुर्बीण दप्तरातच होती. पोळी अर्ध्यावर आली, मग चतकोर, मग दोन बोटं.

“उतरले वं,” बांधावरून काकांचा दबका आवाज आला. “माय समोर, मांगं रांग.”

“किती?”

“आठ.”

“अन् नववं?”

काकांनी डोळ्यांवर हात धरून पाणी न्याहाळलं. “दिसत नाही.”

मयुरा उठली. चढून बांधावर आली तोवर रांग पाण्यातल्या देवनळाच्या उंच गवतात शिरली होती. पाणी तेवढं हलत होतं. घरटं वीस पावलांवर, वाट उघडी. तिचं पाऊल उचललं गेलं. चिंधीही शेपटी हलवत तिच्या पायाशी तयार झाली.

मयुरा खाली बसली. वहीच्या शेवटच्या पानावर तिनं लिहिलं : आठ पिल्लं. रुपरावकाकांनी पाहिली.

“मी पाहून येऊ का जाऊन?” काकांनी विचारलं.

“नाही गा काका,” ती म्हणाली. “तुमची बी वाट पडन.”

आणि उरलेला तुकडा तिनं चिंधीपुढं धरला.