पूजलेलं कार्ड

दसऱ्यानंतर उद्यमबागेतल्या एका फौंड्रीतल्या लिनक्स कॉम्प्युटरला नेटवर्क कार्ड सापडेना, म्हणून मला बोलावलं. मी दीड तास कार्डाच्या ड्रायव्हर सॉफ्टवेअरशी झटले. मग जोडलेल्या भागांची यादी काढली, तर तीत कार्डच नव्हतं. ड्रायव्हर बिचारा काय करणार? हे आधी बघायचं सोडून मी कार्ड बनवणाऱ्याला शिव्या घालत बसले होते.

चिडून कॉम्प्युटरचा डबा उघडला. कार्ड ज्यांनी खाचेत जोडलं जातं, त्या सोनेरी दातांवर हळदकुंकू थापलेलं.

“हे कुणी केलं?”

“मीच की,” भट्टीवरचे कल्लाप्पाअण्णा म्हणाले. “खंडेनवमीला समद्या मशिनी पूजल्या. हे आत बसून लई राबतंय, म्हणून काढून पूजलं.”

दात पुसून कार्ड बसवलं. लगेच नेट आलं.

“आधी सांगायचं नाही, अण्णा?”

“सकाळधरनं हितंच बसलोय. तू इच्यारलंस व्हय?”